लोकअभिरक्षक कार्यालय: मारहाण आणि विनयभंगाच्या खटल्यातील मोफत बचावाचे परीक्षण

मारहाणीचा, विनयभंगाचा किंवा त्याहून गंभीर अशा लैंगिक गुन्ह्याचा आरोप घरातल्या माणसावर आला, की पहिल्या रात्री घरच्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: वकील कोणता द्यायचा. त्याचे उत्तर बहुधा पोलीस ठाण्याबाहेर भेटलेला कोणी ओळखीचा माणूस देतो आणि उत्तराबरोबर फीचा आकडाही सांगून टाकतो. आरोपीचा बचाव सरकारी खर्चाने करणारे, दुसरे कोणतेही काम न घेणारे एक पूर्णवेळ कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते, ही गोष्ट मात्र त्या रात्री सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात त्याला लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. आमच्या छापखान्यातील एका यंत्रचालकाच्या खटल्यात रिमांडपासून, म्हणजे अटकेनंतर कोठडीसाठी न्यायालयापुढे उभे केले तेव्हापासून, निकालापर्यंत या कार्यालयाचे काम मला जवळून पाहता आले, म्हणून हे परीक्षण. कार्यालय पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याचे आहे. पुढे तक्रारीही येणार असल्यामुळे त्याचे नाव देत नाही, आणि खटल्यातील कोणाचीही, विशेषतः फिर्यादी बाईंची, ओळख पटेल असा तपशीलही देत नाही.

मोफत वकिलाची कल्पना नवी नाही. राज्यघटनेत ३९-अ हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आले, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आला, आणि तेव्हापासून जिल्हा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील गरीब आरोपींची कामे पाहत आले आहेत. पण पॅनेलवरचा वकील हा मुळात खाजगी वकिली करणारा, आणि प्राधिकरणाचे मानधन तुटपुंजे. त्यामुळे त्याच्या गठ्ठ्यात ही फाइल तळाशी जाणे ओघानेच येई. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये आणलेल्या योजनेने ही व्यवस्था बदलली. आता मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोकअभिरक्षक ठरावीक मासिक मानधनावर नेमले जातात आणि त्या काळात त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव आणि किमान ३० सत्र खटले चालवल्याची अट आहे, उपमुख्याला ७ वर्षांची. सहायक मात्र अगदी नवखाही असू शकतो. अशिलाकडून एक पैसाही घेण्यास मनाई आहे, आणि आमच्या अनुभवात कोणी तो मागितला नाही, चहासुद्धा नाही.

पात्रतेविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून एवढे स्पष्ट सांगतो. जो माणूस कोठडीत आहे, त्याला ही सेवा उत्पन्न न पाहता मिळते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. आरोप कोणता आहे, यावर पात्रता अवलंबून नाही. बलात्काराच्या आरोपीलाही हे कार्यालय नाही म्हणू शकत नाही. हा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही, कारण गाजलेल्या प्रकरणांत ‘या आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये’ असे ठराव वकील संघ करत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच असे ठराव बेकायदा आणि निरर्थक ठरवले, तरी ते होत राहतात. कसाबच्या खटल्याच्या २०१२ मधील निकालात त्याच न्यायालयाने असेही सांगितले, की आरोपीला पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते तेव्हाच त्याला मोफत वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे त्या न्यायाधीशाचे कर्तव्य आहे.

आता आमचा खटला. गल्लीतल्या सांडपाण्याच्या गटारीवरून समोरासमोरच्या दोन घरांत भांडण झाले, काठ्या निघाल्या, एका माणसाचे बोट मोडले, फिर्यादी बाई ढकलाढकलीत पडल्या. फिर्याद त्याच रात्री सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नोंदवली गेली. भारतीय न्याय संहितेचे ११५(२) म्हणजे साधी दुखापत, ११७(२) म्हणजे गंभीर दुखापत, शिवाय शिवीगाळ आणि धमकी अशी कलमे लागली. ही सगळी जामीनपात्र आहेत. तिसऱ्या दिवशी बाईंच्या पुरवणी जबाबावरून ७४ हे कलम वाढवण्यात आले. जुन्या दंड संहितेतले ३५४ ते हेच: विनयभंगाच्या हेतूने केलेला हल्ला किंवा बलप्रयोग, किमान १ वर्ष आणि कमाल ५ वर्षे शिक्षा, आणि अजामीनपात्र. त्याच संध्याकाळी आमच्या यंत्रचालकाला, पुढे मी ज्याला मुलगा म्हणतो त्याला, अटक झाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुटीच्या न्यायालयात रिमांडच्या कामासाठी सहायक लोकअभिरक्षक म्हणून एक तरुण वकील बाई हजर होत्या, आणि या कार्यालयाच्या बाजूने मी सर्वांत जास्त गुण देईन ते त्या अर्ध्या तासाला. त्यांनी प्रथम मुलाशी बाजूला घेऊन बोलणे मागितले, अंगावर मार आहे का ते पाहिले, वैद्यकीय तपासणी झाली का आणि अटकेची कारणे लेखी दिली का ते विचारले, आणि मग बाकावर रडत बसलेल्या त्याच्या आईला सांगितले, ‘मावशी, आज तो घरी येणार नाही. आज त्याला पोलीस कोठडी मिळू नये, एवढंच आपलं काम आहे.’ या व्यवसायात ‘काळजी करू नका, आज सोडवतो’ हे वाक्य इतके सर्रास ऐकू येते, की नेमके काय होईल आणि काय होणार नाही हे सांगणारा माणूस भेटल्यावर विश्वासच बसत नाही.

त्यांचा युक्तिवाद जेमतेम पाच-सात मिनिटांचा होता. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नसते, अटकेची गरज का भासली ते पोलिसांनी नोंदवायचे असते आणि न्यायाधीशाने ते तपासायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्णेशकुमार निकालात सांगितले आहे. त्याचा आधार त्यांनी घेतला. काठी पंचनाम्यात आधीच जप्त झाली आहे, आरोपी हजर आहे, नोटीस देऊन बोलावता आले असते, मग कोठडीत घेऊन आणखी काय हस्तगत करायचे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. न्यायाधीशांनी पोलीस कोठडी नाकारून न्यायालयीन कोठडी दिली. जामिनाचा अर्ज दुसऱ्या दिवशी दाखल झाला, सरकारी पक्षाचे म्हणणे यायला आणखी एक तारीख गेली, आणि नंतर जामीन झाला.

जामीन होणे आणि माणूस बाहेर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जामीनदाराचा सात-बारा, ऐपतीचा दाखला, रेशन कार्ड, फोटो यांची जुळवाजुळव घरच्यांनाच करावी लागली. कार्यालयाने तात्पुरता रोख जामीन भरून सुटका व्हावी आणि जामीनदार नंतर द्यावा असा अर्ज केला आणि तो मंजूर झाला, पण ही रोख रक्कम छापखान्यातून दिली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच. ज्यांना तेही शक्य नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२३ चे निर्देश आहेत. आणि गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक मदत देणारी केंद्र सरकारची योजनाही त्याच वर्षीची आहे. यातली दुसरी गोष्ट कार्यालयाने आम्हाला आपणहून सांगितली नाही.

जामिनाच्या अटी हा या प्रकारच्या खटल्यांतला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि तो त्यांनी उत्तम हाताळला. फिर्यादी समोरच्या घरात राहणाऱ्या, म्हणजे आरोपी घरी परतला की दोघे रोज समोरासमोर येणार. बाईंच्या बाजूने कोणी मागण्याआधीच वकील बाईंनी आरोपी गल्लीबाहेर राहील अशी हमी दिली, आणि मुलगा पुढे बराच काळ छापखान्याच्या मागच्या खोलीत कागदाच्या रिमांशेजारी झोपला. गल्लीतली जुनी माणसे ‘कशाला कोर्टकचेरी, बसून मिटवून टाका’ असे म्हणत होती. त्यांना वकील बाईंनी कार्यालयात बोलावून समजावले, की ७४ हे कलम आपापसांत तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, आणि फिर्यादीच्या घरी निरोप घेऊन गेलेला माणूस, तो कितीही सद्हेतूने गेलेला असो, आरोपीचा जामीन घालवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात, आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी ही जामिनाची अट रद्द केली होती आणि अशा गुन्ह्यांत न्यायालयांनी तडजोड सुचवू नये, आरोपीचा पीडितेशी संपर्क होऊ देऊ नये, असे बजावले होते. ती हकीकत त्यांनी त्या मंडळींना सांगितली आणि विषय तिथेच संपला.

या सगळ्याच्या मध्येच मुलाच्या मामांनी एका नावाजलेल्या खाजगी वकिलाची भेट ठरवली. मीही सोबत गेलो. जामीन, दोषारोप आणि खटला मिळून सांगितलेली फी मुलाच्या वर्षभराच्या पगाराहून अधिक होती, पण मला खटकले ते वेगळेच. फिर्याद वाचण्याआधी त्यांनी बाईंविषयी विचारले: नवरा कुठे असतो, गल्लीत नाव कसे आहे, पूर्वी कुठे भांडण केले आहे का. बाईला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात रडवली की केस हलकी होते, असा त्यांचा एकंदर सूर होता. नैतिकतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी हे बचावाचे कामही नीट नाही. पीडितेचे चारित्र्य किंवा पूर्वीचे लैंगिक संबंध हे संमतीच्या प्रश्नावर पुरावा होऊ शकत नाहीत, असे साक्ष अधिनियमाचे ४८ वे कलम सांगते. १९९६ च्या गुरमीतसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने, अशा साक्षीदाराची उलटतपासणी छळाचे साधन होऊ देऊ नका आणि तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही दोषसिद्धी होऊ शकते, असे म्हटले आहे. महाराष्ट्राला तर हे वेगळे सांगायला नको. १९७२ मध्ये गडचिरोली भागातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात तिच्या अंगावर जखमा नाहीत आणि तिला संबंधांची सवय होती, या आधारावर आरोपी पोलीस सुटले, देशभर संताप उसळला आणि त्यातूनच १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. त्या काळातला बचाव आजही काही कार्यालयांत विकला जातो, आणि गिऱ्हाईकही मिळते.

लोकअभिरक्षक कार्यालयात खटल्याचे काम उपमुख्य लोकअभिरक्षकांकडे आले. मध्यमवयीन, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी पहिल्याच भेटीत मुलाला सांगितले, ‘बाई खोटं बोलतात असं आपण म्हणणार नाही. त्या जे सांगतात ते कागदावर कधी आलं, एवढंच आपण विचारणार आहोत.’ मग त्यांनी दोषारोपपत्र वाचले, आणि मी आयुष्यभर मुद्रिते तपासत आलो असल्यामुळे त्यांची वाचण्याची पद्धत मला लगेच ओळखता आली. मजकूर काय म्हणतो याबरोबरच कुठल्या ओळीत तो पहिल्यांदा आला आणि कुठल्या ओळीत बदलला, हे ते पाहत होते. रुग्णालयात नोंदवलेल्या मूळ फिर्यादीत ‘ढकलून दिले’ एवढेच होते. पदर ओढल्याचा उल्लेख तिसऱ्या दिवशीच्या पुरवणी जबाबात होता. दखल घेण्याजोगी गोष्ट अशी, की उशिरा आलेला मजकूर खोटाच असतो असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. लाजेमुळे, भीतीमुळे, दवाखान्यातल्या गर्दीमुळे बाई पहिल्या रात्री अशी गोष्ट सांगत नाहीत आणि न्यायालये ते मान्य करतात, हे त्यांनी आम्हाला बजावून सांगितले. त्यामुळे केवळ उशिरावर विसंबायचे नाही, तर त्या वेळी कोण कुठे उभे होते, रस्त्यावरचा दिवा कुठे होता, काठी कोणाच्या हातात होती आणि काठी दोन्ही हातांत असताना पदर कोणत्या हाताने ओढला गेला, हे शांतपणे विचारायचे, असे ठरले.

बाईंची उलटतपासणी मी न्यायालयात बसून ऐकली. ती लांबली नाही. आवाज एकदाही चढला नाही, ‘तुम्ही खोटे सांगता’ हे सूचनावजा विधान शेवटी नियमापुरते एकदाच आले, आणि बाई उतरताना जशा चढल्या तशाच ताठ होत्या. त्यांनी काही उत्तरे ठाम दिली, काही ठिकाणी ‘गोंधळात सांगता येत नाही’ असे म्हटले, आणि मला वाटते दोन्ही प्रामाणिक होते. खरी मेहनत दिसली ती वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीत. दाखल्यावर बोटाचे हाड मोडल्याची नोंद होती, आणि त्यामुळेच दुखापत ‘गंभीर’ ठरली होती. पण क्ष-किरण फिल्म दोषारोपपत्रासोबत नव्हती, ती वाचणारा तज्ज्ञ साक्षीदारांच्या यादीत नव्हता, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी फिल्म स्वतः पाहिल्याची नोंद कुठेच नव्हती. चार प्रश्नांत ११७(२) चा पाया हलला. हे काम भपक्याचे नाही. पाहायला आलेल्या मामांना तर ते कंटाळवाणे वाटले, आणि बाहेर आल्यावर ‘वकील काही बोललेच नाहीत’ अशी तक्रार त्यांनी केली.

निकालात ७४ खाली संशयाचा फायदा मिळाला: झटापटीत स्पर्श झाला असेल, पण विनयभंगाचा हेतू किंवा तशी जाणीव पुराव्यातून सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ११७(२) ऐवजी ११५(२), म्हणजे साधी दुखापत, सिद्ध मानली गेली. मुलाने काठी मारली होती, हे आम्हाला ठाऊक होते आणि त्याच्या वकिलांनाही. शिक्षेच्या मुद्द्यावर त्यांनी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे तुरुंगाऐवजी वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याच्या तरतुदीचा, आधार घेतला, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला गेला, आणि मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडून जखमीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश झाला. निर्दोष सुटका झाली नाही, म्हणून घरात काहींचा हिरमोड झाला. माझ्या मते झाले ते घडलेल्या गोष्टीच्या सर्वांत जवळचे होते, आणि ज्या सेवेचे परीक्षण करतो आहे तिच्याकडून याहून अधिक मागणे मला रास्त वाटत नाही.

आता उणिवा. त्या लहान नाहीत.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर उणीव म्हणजे पुरावा मिळवणारा माणूस या कार्यालयात नाही. वकील आहेत, कारकून आहेत, शिपाई आहे. पण घटनास्थळी जाऊन पाहणारा, साक्षीदार शोधणारा कोणी नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाला कॅमेरा होता, आणि भांडणाचा काही भाग त्यात आला असणार. आम्ही ते पहिल्या आठवड्यातच कार्यालयात सांगितले. चित्रण जपून ठेवण्याचे पत्र आणि न्यायालयातला अर्ज, दोन्ही ‘करू’ या उत्तरात अडकून राहिले, आणि अर्ज पोहोचला तेव्हा यंत्राने जुन्यावर नवे चित्रण करून टाकले होते. अशा यंत्रांत चित्रण फार दिवस टिकत नाही. शिवाय असे चित्रण पुराव्यात आणायचे तर ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र सोबत लागते; ते बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जालन्याच्या एका निवडणूक वादात, पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे दुकानदाराने मोबाइलवर पाठवलेली चित्रफीत तशीच चालत नाही. त्या चित्रणातून आमच्या बाजूचे काही निघाले असते की फिर्यादी बाईंच्या बाजूचे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

दुसरी उणीव, वकील बदलतात. नेमणूक कंत्राटी, मुदत दोन वर्षांची, आणि कामाचा आढावा दर सहा महिन्यांनी. रिमांडला उभ्या राहिलेल्या वकील बाई खटला उभा राहण्यापूर्वीच कार्यालय सोडून गेल्या. त्यांना मुलाने पहिल्या दिवशी जे जे सांगितले होते त्यातले फाइलमध्ये अर्ध्या पानाचे टिपण उरले होते, आणि ते सगळे त्याला पुन्हा सांगावे लागले. चांगल्या माणसांनी टिकावे असे वाटत असेल, तर मानधनाचा आणि मुदतीचा विचार प्राधिकरणाला करावा लागेल.

खाजगीपणाचा अभाव ही तिसरी. विनयभंगासारख्या आरोपात आरोपीला आपल्या वकिलाशी ज्या गोष्टी बोलायच्या असतात, त्या आईसमोर किंवा शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसासमोर बोलता येत नाहीत. या कार्यालयात दोन टेबलांमध्ये एक कपाट आहे, तेवढाच आडोसा. कोठडीत असताना तर बहुतेक वेळा मुलाला दूरचित्र प्रणालीवरूनच हजर केले गेले, आणि त्या पडद्यावर वकिलाशी एकांतात बोलण्याची सोय नव्हती. फोन उचलला न जाणे, पुढची तारीख न कळवली जाणे, या तक्रारी खाजगी वकिलांविषयीही असतात. तारखेसाठी आम्ही ई-कोर्ट्स ॲपवरच अवलंबून राहिलो आणि ते पुरेसे होते. जामिनाचा आदेश इंग्रजीत आला आणि त्यातल्या अटी मुलाला मराठीत लिहून देण्याची तसदी कोणी घेतली नाही, ती मी घेतली. अट मोडली तर जामीन जातो, अशा कागदाबाबत हे बरे नाही.

याहून गंभीर खटल्यांविषयी, म्हणजे बलात्कार किंवा बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपांविषयी, माझा अनुभव थेट नाही. ते खटले बंद दालनात चालतात आणि तिथे बसता येत नाही. पण याच कार्यालयाकडे तीही कामे असतात, आणि तिथे पणाला लागलेली गोष्ट पुष्कळ मोठी असते. बलात्काराला किमान १० वर्षांची शिक्षा आहे, काही प्रकारांत अटकपूर्व जामिनाची वाटच कायद्याने बंद आहे, आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात (पॉक्सो) आरोपीने गुन्हा केला असे गृहीत धरून सुरुवात होते, ते खोडून काढण्याचा भार त्याच्यावर असतो. अशा खटल्यात नवख्या सहायकाने एकट्याने उभे राहणे योग्य नाही. मध्य प्रदेशातील खांडव्याचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका बालिकेवरील अत्याचार आणि खुनाच्या त्या खटल्यात, ज्या दिवशी दोषारोप ठेवले त्याच दिवशी मोफत वकील नेमला गेला आणि अवघ्या काही दिवसांत खटला संपून फाशी सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला आणि दंडक घातला, की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेला वकील किमान १० वर्षांच्या अनुभवाचा हवा आणि त्याला तयारीसाठी साधारण किमान सात दिवस मिळायला हवेत. तो आरोपी २०२४ मध्ये निर्दोष सुटला. तेव्हा गंभीर आरोपात कार्यालयाने कोणाला उभे केले आहे, त्यांचा अनुभव किती, हे विचारण्यात संकोच करू नये. आम्ही विचारले तेव्हा कोणी वाईट वाटून घेतले नाही.

एक शंका बऱ्याच वाचकांच्या मनात येईल: सरकार आरोपीला वकील देते, मग त्या बाईंचे काय? त्यांची बाजू सरकारी वकील मांडतात, आणि शिवाय स्त्री म्हणून, उत्पन्न कितीही असो, त्यांनाही मोफत वकील मिळू शकतो. लोकअभिरक्षक कार्यालय फिर्यादी पक्षाची कामे घेत नाही, ती पॅनेलवरील वकिलांकडे जातात, त्यामुळे एकाच छताखाली दोन्ही बाजूंची कागदपत्रे एकमेकांत मिसळण्याचा प्रसंग येत नाही. आमच्या खटल्यात बाईंना हा हक्क कोणी सांगितला होता की नाही, ते मला ठाऊक नाही. न्यायालयात त्यांच्यासोबत वेगळा वकील दिसला नाही एवढे खरे.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी अटकेची वाट पाहू नये. पोलिसांची नोटीस आली, चौकशीला बोलावले, की तेव्हाच जावे. अटकेपूर्वीचा सल्ला आणि अटकपूर्व जामिनाचा अर्ज हेही याच कार्यालयाच्या कामात बसते, फक्त लोक तिथे रिमांडनंतर पोहोचतात. १५१०० या क्रमांकावर फोन केला तर जिल्ह्यातल्या कार्यालयाचा पत्ता मिळतो. फिर्यादीची प्रत, नोटीस, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र, आणि मार लागला असल्यास स्वतःचे वैद्यकीय कागद सोबत न्यावेत. आसपास कॅमेरा असेल, तर कार्यालयाच्या भरवशावर न राहता दुकानदाराला त्याच दिवशी लेखी विनंती करावी आणि पोच घ्यावी. ज्याची ऐपत आहे आणि ज्याला रोज वकिलाशी फोनवर बोलायचे आहे, त्याने खाजगी वकील द्यावा. ऐपत नाही म्हणून ‘सरकारी वकील कसला देतात’ अशा भीतीने घर गहाण टाकू पाहणाऱ्याने मात्र आधी एकदा या कार्यालयात जाऊन यावे.

निकालाची प्रत मुलाला विनामूल्य मिळाली. सत्र न्यायालयात अपील करण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे हे उपमुख्य लोकअभिरक्षकांनी समजावून सांगितले, आणि अपील करायचे नाही हा निर्णय मुलाने स्वतः घेतला. फिर्यादी बाईंनाही सुटकेविरुद्ध अपील करण्याचा कायद्याने हक्क आहे, आणि त्यांनी ते केले तर तिथेही हेच कार्यालय मुलाची बाजू मांडेल, असे उपमुख्यांनी सांगितले; फाइल त्यांनी अजून बंद केलेली नाही.